वर्षभरातले चार डाइव्ह आणि वहीतल्या रिकाम्या ओळी

"तुझी पीएचडी म्हणजे मजाच आहे की! फुकटात स्कूबा." हे वाक्य मी गेल्या वर्षभरात किमान पन्नास वेळा ऐकलं असेल. लग्नात, एसटीत, अगदी बँकेतसुद्धा. सुरुवातीला मी समजावून सांगायचे, आता नुसती हसते. पण मागच्या पोस्टवर दोन-तीन विद्यार्थ्यांनी नेमकं विचारलं की पाण्याखाली जाऊन तुम्ही करता तरी काय, आणि त्यातून संशोधन कसं होतं. म्हणून आज वर्षभरातल्या लक्षात राहिलेल्या चार डाइव्हबद्दल लिहिते. यातले दोन छान होते, एक लाजिरवाणा होता आणि एक अजून मनातून गेलेला नाही. तुम्ही समुद्रात काम करणार नसलात तरी वाचा, कारण चारही डाइव्हमधले प्रश्न जंगलात, प्रयोगशाळेत किंवा सर्व्हेचा फॉर्म भरून घेतानाही येतातच.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझं काम प्रवाळांवर आणि त्यांच्या आधाराने राहणाऱ्या माशांवर आहे. बरंचसं काम मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात चालतं. महाराष्ट्रात प्रवाळ आहेत हेच अनेकांना माहीत नसतं. इथला सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. अंदमान किंवा लक्षद्वीपसारखे मोठमोठे प्रवाळभिंतींचे देखावे इथे नाहीत. खडकांवर चिकटलेल्या, मळकट पाण्यात तग धरून राहिलेल्या वसाहती आहेत. माझ्या दृष्टीने तेच त्यांचं वैशिष्ट्य.

पद्धत ऐकायला सोपी आहे. तळावर ५० मीटरची टेप अंथरायची. तिच्या दोन्ही बाजूंना ठरावीक रुंदीचा पट्टा मनात धरायचा आणि हळूहळू पोहत त्या पट्ट्यातले मासे मोजायचे. याला बेल्ट ट्रान्सेक्ट म्हणतात. मग परत येताना ठरावीक अंतरावर पीव्हीसी पाइपची चौकट ठेवून आत किती प्रवाळ, किती शैवाल, किती वाळू हे नोंदवायचं. नोंदी जलरोधक कागदावर साध्या पेन्सिलीने. बस्स, एवढंच. आता हे 'एवढंच' कुठे कुठे फसतं ते बघू.

पहिला डाइव्ह : ऑक्टोबर, मालवण. पाणी गढूळ

पावसाळा संपून समुद्र नुकताच शांत झाला होता. होडीवाले काका पाण्याकडे बघून म्हणाले, "बाय, आज काय्येक दिसाचा नाय." मी मनात म्हटलं, बघू. खाली गेले आणि टेप धरलेला स्वतःचा हात लांब केला तर बोटं धूसर. खाड्यांतून आलेला सगळा गाळ अजून तरंगत होता. दृश्यमानता जेमतेम २ मीटर.

माझ्या प्रस्तावात पट्ट्याची रुंदी ५ मीटर लिहिली होती. म्हणजे टेपच्या प्रत्येक बाजूला अडीच मीटर. का ५ मीटर? कारण मी वाचलेल्या बहुतेक पेपरांत ५ मीटर होती. ते पेपर कुठले होते, तर जिथे २०-२५ मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं अशा प्रवाळबेटांवरचे. मी त्यांची पद्धत उचलून मालवणच्या ऑक्टोबरमध्ये आणून ठेवली होती.

याचा परिणाम काय होतो ते एका काल्पनिक उदाहरणाने बघा. समजा १०० चौरस मीटरमध्ये खरोखर ३० मासे आहेत. ५० गुणिले ५, म्हणजे २५० चौरस मीटरच्या पट्ट्यात ७५ मासे असणार. पण मला दोन्ही बाजूंना २-२ मीटरच दिसतंय, म्हणजे मी खरं तर २०० चौरस मीटरच बघतेय. तिथे मला ६० मासे दिसले. मी मात्र भागताना २५० नेच भागलं. उत्तर आलं २४. मासे ३० चे २४ झाले, थेट २० टक्के घट! आणि एकही मासा कमी झालेला नाही. कमी झाली ती माझी नजर.

आता विचार करा, पुढच्या वर्षी पाणी स्वच्छ असताना मी पुन्हा मोजलं तर मासे 'वाढले' असं दिसेल. त्यावर पेपर लिहिला, कुणी तो वाचून संरक्षणाचा निर्णय घेतला, तर? संशोधनात याला शोधक्षमतेचा प्रश्न म्हणतात. 'किती आहेत' आणि 'मला किती दिसले' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पक्षी मोजणारे, वाघ मोजणारे, सापांवर काम करणारे, सगळे याच्याशी झगडत असतात.

त्या दिवसानंतर आम्ही पट्टा २ मीटरचा केला, प्रत्येक बाजूला १-१ मीटर. प्रत्येक ट्रान्सेक्टच्या आधी टेपवरूनच दृश्यमानता मोजून लिहायची आणि ती दीड मीटरपेक्षा कमी असेल तर माशांची मोजणी करायचीच नाही, असा नियम केला. ऑक्टोबरच्या त्या आठवड्यातल्या माशांच्या सगळ्या नोंदी बाजूला ठेवाव्या लागल्या. वाईट वाटलं, कारण होडीचं भाडं गेलं ते गेलंच. पण पहिल्या आठवड्यात कळलं म्हणून वाचले. तिसऱ्या वर्षी कळलं असतं तर?

दुसरा डाइव्ह : डिसेंबर, नेत्राणी. मीटरभराचा गोब्रा

हा मजेचा डाइव्ह. कर्नाटकात मुर्डेश्वरच्या किनाऱ्यापासून आत नेत्राणी नावाचं छोटं बेट आहे. तिथलं पाणी आमच्या मालवणपेक्षा बरंच स्वच्छ असतं, त्यामुळे माशांची लांबी अंदाजाने ओळखण्याचा सराव करायला आम्ही तिथे गेलो होतो.

नुसती संख्या मोजून भागत नाही. दहा पिल्लं आणि दहा मोठे मासे सारखे नव्हेत. म्हणून प्रत्येक माशाची लांबी अंदाजे लिहायची आणि त्यावरून एका सूत्राने वजन काढायचं. मासा धरायचा नाही, मारायचा नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा.

खडकाच्या कपारीत एक गोब्रा दिसला. काय रुबाब! मी श्वास रोखणारच होते. (स्कूबामध्ये श्वास कधीच रोखायचा नाही, हा पहिला नियम. वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते आणि रोखलेला श्वास जीवावर बेतू शकतो.) मी स्लेटवर लिहिलं '८०'. वर येऊन बडीच्या स्लेटशी ताडून पाहिलं. तिने लिहिलं होतं '६०'. तोच मासा, त्याच वेळी. मी हुज्जत घातली. तिने शांतपणे विचारलं, "लाकडी माशांवर सराव केला होतास?" केला नव्हता.

इथे शाळेतलं प्रकाशाचं अपवर्तन उपयोगी पडतं. मास्कच्या काचेमागे हवा असते आणि पुढे पाणी. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३. त्यामुळे पाण्याखालची वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊण अंतरावर आहे असं वाटतं आणि साधारण एक-तृतीयांशाने मोठी दिसते. ६० चे १.३३ पट करा. ८०. माझे डोळे अगदी पुस्तकातल्या नियमाप्रमाणेच चुकले होते!

चूक २० सेंटीमीटरचीच तर आहे, असं वाटेल. पण वजन हे साधारणपणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. १.३३ चा घन काढा. २.३५ च्या आसपास येतो. म्हणजे लांबीतल्या एक-तृतीयांश चुकीमुळे वजन दुपटीहून जास्त. अभ्यासातले सगळे मोठे मासे माझ्या वाट्याला आणि सगळे छोटे बडीच्या वाट्याला आले असते, तर निकाल कुठल्या कुठे गेला असता.

उपाय कंटाळवाणा आहे. वेगवेगळ्या लांबीचे लाकडाचे किंवा प्लॅस्टिकचे मासे कापायचे, पाण्याखाली दोरीला बांधायचे, त्यांची लांबी ओळखायची, वर येऊन तपासायचं, पुन्हा जायचं. पुढचे तीन दिवस मी तेच केलं. आजूबाजूने खरे मासे फिरत होते आणि मी लाकडाच्या तुकड्यांकडे टक लावून बघत होते. शेवटच्या दिवशी माझा अंदाज बडीच्या जवळ आला. आता प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला आम्ही हा सराव करतो आणि नोंदीच्या तक्त्यात 'निरीक्षक कोण' असा रकाना ठेवतो. तुमच्या विषयात तराजू असेल, पिपेट असेल, प्रश्नावली घेणारा माणूस असेल. ते उपकरण आधी तपासा. इथे उपकरण मीच होते.

तिसरा डाइव्ह : फेब्रुवारी, मालवण. हवा कमी, हाव जास्त

हा लाजिरवाणा. लिहावं की नाही असा विचार केला, पण लिहिते.

त्या दिवशी तिसरा ट्रान्सेक्ट राहिला होता. खोली १० मीटर. प्रवाह अंगावर येत होता. आधी हवेचं गणित सांगते. आमच्या १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने भरलेली हवा म्हणजे साधारण २४०० लिटर. पृष्ठभागावर निवांत असताना मिनिटाला २० लिटर हवा लागते असं धरलं, तर १० मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणून ४० लिटर लागते. त्यातली शेवटची ५० बार राखीव. ती मोजायचीच नाही. उरले १८०० लिटर, म्हणजे ४५ मिनिटं. पण प्रवाहाविरुद्ध पाय मारत काम केलं की श्वास वाढतो आणि हे ४५ मिनिटांचं गणित कोसळतं.

टेपच्या ३५ मीटरवर बडीने खूण केली, परत फिरू. माझ्या काट्यावर ७० बार होते. मी एक बोट वर केलं, 'एक मिनिट'. अजून १५ मीटरच तर होते! एका चौकटीपाशी थांबले, प्रवाहाने चौकट सरकली, ती धरायला गेले तर स्लेट हातातून सुटली, दोरीला लोंबकळून खडकावर घासली. काटा पाहिला तेव्हा ४५. मग मात्र मुकाट्याने फिरले. हळूहळू वर, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबणं, सगळं नीट केलं. होडीत चढले तेव्हा ३० बार उरले होते.

तुम्ही म्हणाल, उरले ना, मग काय बिघडलं? बिघडलं हे, की राखीव हवा माझी एकटीची नसते. बडीचं उपकरण बिघडलं असतं तर ती माझ्याच सिलिंडरवर श्वास घेत वर आली असती. मी तिची हवा खर्च केली होती. ती काही बोलली नाही. काका मात्र बोलले, "मासे मोजूक इलंस की जीव देऊक?" मी मान खाली घालून पंख काढले.

खरी गोष्ट संध्याकाळी घडली. खोलीवर बसून तक्ता भरत होते. तिसऱ्या ट्रान्सेक्टच्या शेवटच्या ओळी रिकाम्या. ३५ ते ५० मीटर. तो भाग आधी एकदा लांबून पाहिलेला होता. सगळं साधारण सारखंच असतं तिथे. मी प्रवाळांच्या रकान्यात २०, २५, २० असे आकडे भरले. कुणालाही कळलं नसतं. इतर ओळींमध्ये ते इतके छान मिसळून गेले की उद्या मलाही ओळखता आले नसते. फाइल सेव्ह केली आणि जेवायला गेले.

रात्री झोप लागेना. मला तेव्हा 'मी फसवणूक केली' असं वाटत नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगते. 'अंदाज बरोबरच असेल' असंच वाटत होतं. अस्वस्थ करत होतं ते एवढंच की हे आकडे कुठून आले असं गाइडनी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सकाळी उठून ते पुसले आणि शेरा लिहिला : 'हवा व प्रवाह यांमुळे नोंद अपूर्ण.'

दोन दिवसांनी प्रवाह कमी झाल्यावर आम्ही तो भाग पुन्हा केला. तिथे जवळजवळ सगळी वाळू होती. एका खडकाला तुटलेलं जाळं अडकलेलं आणि त्यावर शैवाल. प्रवाळ नावालाच. माझे २०, २५, २० साफ खोटे ठरले असते.

यात शिकण्यासारखं आणखी एक आहे. माझ्या तक्त्यातल्या रिकाम्या जागा कुठेही, कशाही पडत नाहीत. जिथे प्रवाह जोरात, जिथे खोली जास्त, तिथेच नोंदी अर्ध्या राहतात. म्हणजे त्या जागा इतरांपेक्षा वेगळ्या आहेत म्हणूनच त्या रिकाम्या आहेत. त्या सरासरीने भरून काढणं म्हणूनच धोक्याचं. संख्याशास्त्रात न मिळालेल्या माहितीचे प्रकार शिकवतात तेव्हा ते फार कोरडं वाटतं. मला ते त्या वाळूवर समजलं. तुमच्या प्रश्नावलीत एका प्रश्नाचं उत्तर बरेच जण टाळत असतील, तर आधी हे विचारा की टाळणारे कोण आहेत.

चौथा डाइव्ह : मे, मालवण. ११ नंबर

आम्ही काही प्रवाळ वसाहतींजवळ खडकावर नंबर लावलेले आहेत. परवानगी घेऊन, अर्थातच. ११ नंबर ही पोरायटिस जातीची घुमटासारखी वसाहत, साधारण २० सेंटीमीटर उंच. असे घुमट वर्षाला १ सेंटीमीटरच्या आसपास वाढतात. म्हणजे मी शाळेत पाढे पाठ करत होते, तेव्हा ती रुजली असावी. का कोण जाणे, पण डाइव्हच्या शेवटी तिच्यापाशी एक चक्कर मारायची मला सवय लागली होती.

मेमध्ये पाणी कोमट लागत होतं. ११ नंबरपाशी गेले तर ती फिकट दिसली. इथे लगेच 'ब्लीचिंग' लिहायचं नसतं. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं, त्यामुळे काही मीटर खाली सगळंच फिकट निळसर दिसतं. म्हणून आम्ही रंगाचं कार्ड नेतो. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच प्रकल्पाने तयार केलेल्या कार्डावर १ ते ६ अशा छटा असतात. १ सगळ्यात फिकी, ६ सगळ्यात गडद. कार्ड प्रवाळाशेजारी धरायचं आणि जुळणारी छटा लिहायची. पाण्याने रंग बदलला तर दोघांचाही सारखाच बदलतो, ही त्यातली हुशारी. मार्चमध्ये ११ नंबरची नोंद ५ होती. आता २.

प्रवाळांचा रंग बराचसा त्यांच्या ऊतींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांचा असतो. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतात. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा १ अंश जरी वर जाऊन काही आठवडे तिथेच राहिलं, तरी ही भागीदारी तुटते. शैवाल बाहेर पडतात आणि खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातली चौथी व्यापक ब्लीचिंगची घटना जाहीर केली, ती याचीच. पण लक्षात ठेवा, पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं नसतं. ते उपाशी असतं. पाणी वेळेत थंड झालं तर शैवाल परत येऊ शकतात.

आणि नेमकं तेव्हाच आमचं काम थांबलं. मे अखेरीस समुद्र खवळतो, होड्या वर ओढल्या जातात. पुढचे चार महिने खाली काय चाललंय हे कळण्याचा मार्ग नाही. त्या पावसाळ्यात मी घरी बसून आकडेमोड करत होते आणि मधूनच ११ नंबर आठवत होती. पावसाने पाणी थंड होतं ते चांगलं, पण गाळही येतो.

ऑक्टोबरमध्ये पहिल्याच डाइव्हला तिच्याकडे गेले. अर्धी वसाहत पुन्हा तपकिरी झाली होती, रंग ४. उरलेल्या अर्ध्या भागावर हिरवट शैवालाचा थर, म्हणजे तो भाग गेलेला. माझ्या तक्त्यात रकाना होता 'जिवंत / मृत'. पेन्सिल हातात धरून मी काही सेकंद तशीच थांबले. दोन्हीपैकी काय लिहिणार?

शेवटी समासात लिहिलं, 'अंदाजे ५० टक्के जिवंत'. वर आल्यावर सगळ्या वसाहतींसाठी तो रकाना बदलून टक्क्यांचा केला. हा तक्ता मी एसी खोलीत बसून बनवला होता, तेव्हा अर्धं मरून अर्धं जगता येतं हे मला सुचलंच नव्हतं. तुमच्या फॉर्ममधल्या 'हो / नाही'च्या चौकटी मुख्य कामाआधी थोड्याशा ठिकाणी वापरून बघा. चौकटीत न मावणारं काहीतरी पहिल्या दिवशीच भेटेल.

पाण्यात उतरायचं असेल तर

बरेच जण विचारतात म्हणून थोडक्यात. पर्यटकांना हात धरून १५-२० मिनिटं खाली नेतात तो अनुभव छान असतो, पण त्यावर संशोधन होत नाही. आधी वैद्यकीय तपासणी आणि मग ओपन वॉटर पातळीचा कोर्स करा. त्यात १८ मीटरपर्यंत जाता येतं. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. गोवा, अंदमान, पुदुच्चेरीतही कोर्स होतात. कोर्स झाल्यावर लगेच मोजणी सुरू करू नका. पाण्यात एका जागी स्थिर राहता येत नसेल तर तुमचे पायच प्रवाळ मोडतील.

प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. किनाऱ्यावर पडलेला तुकडासुद्धा परवानगीशिवाय नमुना म्हणून आणता येत नाही. परवानगीच्या अर्जाला महिने लागतात, ते वेळापत्रकात धरा. शेवटच्या डाइव्हनंतर विमान पकडण्याआधी किमान १८ तास जाऊ द्या. आणि बडीने 'परत' अशी खूण केली की परत फिरा. 'एक मिनिट' नाही.

या ऑक्टोबरचे तक्ते भरून झालेत. पाच ठिकाणी ओळी रिकाम्या आहेत आणि प्रत्येकीसमोर कारण लिहिलेलं आहे. गाइडनी पाहिले, काही बोलल्या नाहीत, पुढचं पान उलटलं. आमच्याकडे याचा अर्थ 'ठीक आहे' असा होतो.

प्रश्न असतील तर विचारा. पुढच्या पोस्टमध्ये परवानगीचा अर्ज कसा लिहायचा ते सांगेन, कारण खरं सांगू का, माझ्या पीएचडीतला सगळ्यात खोल डाइव्ह तोच होता.